आखाजीची गाणी, सभासदांपुरती: फीडच्या कामाच्या नोंदी

३० एप्रिल २०२५, बुधवार, आखाजी (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया)

घागर भरली, सांजोऱ्या-आमरसाचं जेवण झालं, आणि उन्हं कलल्यावर बाया लिंबाखाली झोक्यापाशी जमल्या. मी पाटावर उशी ठेवली आणि उशीवर फोन. उशी नसली की जमिनीतून येणारा झोक्याचा धक्का रेकॉर्डिंगमध्ये धप्प-धप्प वाजत राहतो, हे मागच्या वर्षी कळलं होतं. ४७ मिनिटं मिळाली. आधी गौराईची गाणी झाली, मग माहेर-सासरची, आणि अंधार पडता पडता टोमण्यांची. त्यात नणंदा, दीर, सासवा सगळ्यांची नावं येतात. ज्यांच्यावर गाणं रचलं त्यातल्या काही जणी तिथेच बसून हसत होत्या.

मोठ्या मायनं फोनकडे बोट दाखवून सांगितलं, “हाई आपला मानसंसमाच ऱ्हाऊ दे.” म्हणजे हे आपल्या माणसांतच राहू दे. बाकीच्यांनीही मान डोलावली. बोरीकाठच्या आमच्या गावातल्या या बायांनी आवाज दिला तो या अटीवर, त्यामुळे पुढचं सगळं काम या अटीतच बसवायचं.

४ मे, रविवार

मंडळाची बैठक आबांच्या ओट्यावर झाली. सभासद ३८ आहेत. निम्मे आसपासच्या गावांत, बाकीचे धुळे, नाशिक, पुणे आणि सुरतेत. सुरतेत उधना-लिंबायतकडे आमच्या भागातली इतकी घरं आहेत की तिथल्या कापड बाजारात आमची अहिराणी बोली सहज कानावर पडते. गाण्यांची सगळ्यात जास्त ओढही त्यांनाच.

व्हॉट्सॲपवर टाकू या, असं दोघांचं मत पडलं. पण तिथे टाकलेली फाइल संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे पोहोचते आणि कोणाकडून गेली ते कधीच कळत नाही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी ज्याच्या हाती लिंक आली तो ऐकतो, आणि लिंक सगळ्यांना एकच. मी पॉडकास्टचं सुचवलं. प्रत्येक सभासदाला त्याचा त्याचा वेगळा फीड पत्ता द्यायचा, तो त्यानं आपल्या पॉडकास्ट ॲपमध्ये एकदा टाकायचा, पुढचे भाग आपोआप येत राहतील. एखादा पत्ता बंद करायची वेळ आली तर बाकी ३७ जणांना त्याची झळ नाही.

आबांनी विचारलं, “एकदा टाकल्यावर म्हातारीला पुन्हा काही दाबावं लागेल का?” म्हटलं, नाही. “मग कर,” म्हणाले.

७ मे

फीड ही काही जादू नाही, साधी मजकुराची फाइल आहे. वर कार्यक्रमाचं नाव, खाली भागांची यादी. प्रत्येक भागाला शीर्षक, तारीख, एक कायमची ओळख, आणि ‘एन्क्लोजर’ नावाची ओळ: आवाजाची फाइल कुठे आहे, किती बाइटची आहे, कोणत्या प्रकारची आहे. ही एन्क्लोजरची सोय आरएसएसमध्ये, म्हणजे फीड लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, २००० साली आली आणि सगळं पॉडकास्टिंग आजही तिच्यावरच उभं आहे. कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही म्हणूनच आपल्यासारख्यांना वापरता येते.

पॅट्रिऑनसारख्या सेवा प्रत्येक वर्गणीदाराला असाच खाजगी फीड पत्ता देतात. पण आमची वर्गणी वर्षाला २०० रुपये, तीही कोणी आबांच्या हातात रोख देतं, कोणी फोनपेवर. कार्डाची सेवा इथे बसत नाही. ॲपलनं २०२१मध्ये स्वतःची वर्गणी योजना आणली, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये चालते आणि आमच्याकडे आयफोनवाले पाच. म्हणून भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःच लिहायला घेतलं.

आवाज मोनो, ६४ केबीपीएस ठेवला. मिनिटाला ४८० केबी, म्हणजे २२ मिनिटांचा भाग साडेदहा एमबीच्या आसपास. १२८ केला असता तर दुप्पट झाला असता, आणि बाईचा एकटा आवाज नि टाळ्या ६४मध्ये चांगल्या ऐकू येतात. मोठ्या मायच्या साध्या स्पीकरवर लावून तपासलं.

१२ मे

पहिला प्रयत्न नाव आणि पासवर्डाचा केला. फीड उघडताना सर्व्हर विचारेल, सभासद भरेल. धुळ्याच्या घरी तीन फोन मांडून दिवसभर तपासलं. काही ॲपं व्यवस्थित चौकट दाखवतात, काही एका शब्दाचंही न विचारता ‘फीड सापडलं नाही’ म्हणून मोकळी होतात. आणि ज्यांनी विचारलं तिथेही पासवर्ड टाइप करताना कॅपिटल-स्मॉलचा घोळ होणार, हे घरातल्या घरातच दिसलं.

हा मार्ग सोडला. किल्ली पत्त्यातच घालायची. पत्त्याच्या शेवटी लांबलचक अक्षरं, तीच सभासदाची ओळख. नाव नको, पासवर्ड नको. सर्व्हर ती किल्ली वहीत, म्हणजे त्याच्याकडच्या नोंदींत, शोधतो, चालू असेल तर फीड देतो.

कोणत्या ॲपमध्ये पत्ता कुठे टाकायचा, ते इथे लिहून ठेवते. फोनवरून विचारणारे येणारच.

अँटेनापॉड (अँड्रॉइड): ‘पॉडकास्ट जोडा’मध्ये गेलं की आरएसएस पत्ता टाकायची जागा आहे. फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. फीड थेट फोनवरूनच आणलं जातं. सभासदांना हेच सुचवायचं.

ॲपल पॉडकास्ट: लायब्ररीत वरच्या तीन टिंबांत, पत्त्यावरून शो फॉलो करायचा पर्याय.

पॉकेट कास्ट्स: शोधायच्या चौकटीतच पत्ता चिकटवायचा.

स्पॉटिफायमध्ये असा बाहेरचा खाजगी पत्ता टाकायची सोय नाही, त्यामुळे तिथे ऐकणाऱ्यांना दुसरं ॲप घ्यावं लागेल. गूगल पॉडकास्ट्स २०२४मध्ये बंद झालं. दोघा-तिघांच्या फोनमध्ये त्याचं चित्र अजून दिसतं, ते काढायला सांगायचं.

फीडमध्ये ‘आयट्यून्स ब्लॉक’ची ओळ ‘यस’ करून ठेवली. चुकून पत्ता कुठल्या यादीत सादर झालाच तर ॲपलच्या सार्वजनिक यादीत कार्यक्रम दिसू नये यासाठी.

१३ मे

काल रात्री किल्ल्या बनवल्या होत्या सभासदाच्या मोबाइल नंबरवरून, लक्षात ठेवायला सोप्या म्हणून. सकाळी उठले तेव्हा चूक लख्ख दिसली. ज्याला आबांचा नंबर माहीत आहे त्याला आबांचं फीड उघडता येईल, आणि आबांचा नंबर अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. सगळ्या पुसल्या. आता ३२ अक्षरांच्या संचातून सर्व्हरनं आपल्या आपण उचललेली २० अक्षरं. शून्य आणि ओ, एक आणि एल यांसारखी फसवी अक्षरं संचातून वगळली. कोणी हातानं टाइप करायची वेळ आलीच तर चुकू नये.

१८ मे, रविवार

वाटपाचा दिवस. जाड कागदाची कार्डं छापून आणली. एका बाजूला सभासदाचं नाव, दुसऱ्या बाजूला क्यूआर. प्रत्येकाचा वेगळा.

मोठ्या मायच्या ओसरीवर पहिलं कार्ड उघडलं. तिच्या नातवाच्या फोननं क्यूआर टिपला, ब्राउझर उघडला, आणि पडद्यावर भसाभस इंग्रजी अक्षरं आणि कंस. तिनं चष्मा पुढे सरकवला. “हाई काय शे व? माले काही समजस नही.”

फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की तो मजकूर दाखवतो, ॲपपर्यंत जातच नाही. माझ्या फोनवर मी कायम कॉपी करून ॲपमध्ये चिकटवत आले, म्हणून हे कधी समोर आलंच नव्हतं. तिथेच ओसरीवर लॅपटॉप उघडून एक साधं पान बनवलं. क्यूआर आता त्या पानावर नेतो. वर मोठ्या अक्षरात ‘रामराम’ आणि सभासदाचं नाव, खाली एकच बटण ‘पत्ता कॉपी करा’, त्याखाली अँड्रॉइडसाठी चार आणि आयफोनसाठी चार पायऱ्यांची चित्रं. पान कोणत्याही शोधयंत्रानं नोंदवू नये अशी सूचनाही घातली.

कार्डावरचा क्यूआर बदलला नाही. पत्ता तोच राहिला, फक्त ब्राउझरनं विचारलं तर पान आणि ॲपनं विचारलं तर फीड, असं सर्व्हरला शिकवलं. कार्डं पुन्हा छापावी लागली नाहीत याचं समाधान वाटलं, कारण छपाईचे पैसे वर्गणीतले होते.

दुपारपर्यंत अकरा घरं झाली. ज्याच्याकडे एकच फोन आहे त्याला कार्डावरचं टिपायला अडचण नाही. अडचण त्याची, ज्याला क्यूआर व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून गेला. त्याच फोनवर आलेलं चित्र तोच फोन कसा टिपणार? बाहेरगावच्या सभासदांना म्हणून चित्र पाठवायचं नाही, लिंकच पाठवायची, ज्याची त्याला.

२१ मे

आवाजाच्या फाइली उघड्या फोल्डरमध्येच होत्या. फीडला किल्ली, फाइलीला काहीच नाही. पुढचं दार लावलं आणि परसदार सताड उघडं. आजपासून फाइलीच्या पत्त्यातही सभासदाची किल्ली.

२२ मे

कालच्या बदलानं दुसरंच बिघडलं. फाइल पीएचपीच्या हातून जायला लागली, आणि गाणं पुढे-मागे सरकवणं बंद पडलं. त्याहून वाईट म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याकडे राहणाऱ्या एका मावशींचं डाउनलोड नऊ एमबीवर तुटलं की पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचं. तीन वेळा झालं. तीन वेळा म्हणजे सत्तावीस एमबी खर्च होऊन हाती एक गाणं नाही.

कारण असं: ॲप तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करताना सर्व्हरला सांगतं की मला अमुक बाइटपासून पुढचं दे. सर्व्हरनं २०६ या क्रमांकानं तेवढाच तुकडा द्यायचा असतो. माझा कोड ते ऐकतच नव्हता, दर वेळी २०० म्हणून अख्खी फाइल पहिल्यापासून द्यायचा. आता पीएचपी फक्त किल्ली तपासतं आणि ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ या हेडरनं एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरला सांगतं की ही फाइल तू दे. तुकडे देणं एनजिनएक्सला मुळातच येतं.

मावशींना संध्याकाळी फोन केला. भाग उतरला होता. त्यांनी फोनवरच त्यातली एक ओळ म्हणून दाखवली आणि चाल आमच्याकडे थोडी वेगळी आहे, हेही सांगितलं. पुढच्या आखाजीला त्यांच्याकडची चाल घ्यायची आहे, ही नोंद इथेच करून ठेवते.

२६ मे

फाइलीच्या पत्त्याला मुदत घालून पाहिली. चोवीस तासांनी पत्ता आपोआप बाद. ऐकायला सुरक्षित वाटतं, पण पॉडकास्ट ॲपच्या सवयीशी ते जुळत नाही. ॲप फीड ताजं करतं तेव्हा फाइलीचा पत्ता लिहून ठेवतं आणि सभासद डाउनलोड करतो दोन-तीन दिवसांनी, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर, जिथे नेटवर्क चांगलं मिळतं. तोवर पत्ता मेलेला. चौघांना ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असा नकार आला. मुदत काढून टाकली. फाइल मिळणार की नाही ते किल्लीवर ठरेल, घड्याळावर नाही.

३ जून

आजचा दिवस मनाला लागला.

फोल्डरांची नावं नीट लावायला घेतली होती, आखाजी, कानबाई, जात्यावरच्या ओव्या अशी. काम चांगलंच होतं. पण प्रत्येक भागाची कायमची ओळख, ज्याला फीडमध्ये ‘जीयूआयडी’ म्हणतात, ती माझा कोड फाइलीच्या पत्त्यावरून बनवत होता. फोल्डरचं नाव बदललं, पत्ता बदलला, ओळख बदलली. बऱ्याच जणांच्या ॲपना वाटलं की नऊच्या नऊ भाग नवे आहेत. काही ॲपनी शीर्षक आणि तारीख पाहून जुनेच ओळखले, पण बाकीच्यांनी यादीत सगळे दुसऱ्यांदा घातले आणि जिथे आपोआप डाउनलोड चालू होतं तिथे पुन्हा उतरवलेही.

नव्वद-पंच्याण्णव एमबी फुकट गेले हे एक. पण मोठ्या मायचा फोन आला त्यानं जास्त वाईट वाटलं. ती रोज दुपारी थोडं थोडं ऐकते. एका भागात ती एकोणिसाव्या मिनिटापर्यंत आली होती, तिच्या सासूच्या काळचं एक गाणं आहे तिथपर्यंत. ॲप ती जागा लक्षात ठेवतं, उघडलं की तिथूनच सुरू. आता तो भाग ‘नवा’ झाला आणि पहिल्यापासून वाजायला लागला. तिला पुढे सरकवता येत नाही. तिला वाटलं आपल्याच हातून काही पुसलं गेलं.

रात्री साडेदहापर्यंत बसून जुन्या ओळखी नोंदींतून काढून परत लावल्या. दुबार भाग काहींच्या ॲपमधून आपोआप गेले, काहींना हातानं पुसावे लागले. आता ओळख कशावरूनही बनत नाही. भाग पहिल्यांदा वहीत चढतो तेव्हाच एक ओळख ठरते, ती त्या भागाची जन्मभराची. फाइल कुठेही हलवा, शीर्षकातली चूक सुधारा, ओळख तीच. सगळ्या सभासदांना एकच ओळख, किल्ली मात्र वेगळी.

४ जून

सकाळी गावी गेले, मोठ्या मायच्या फोनवर ते एकोणिसावं मिनिट शोधून लावून दिलं आणि तिला समजावलं की चूक माझ्याकडून झाली, तिच्याकडून नाही. तिनं मला दादर ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. आम्ही दोघींनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

९ जून, गाडीत

सुरतेला चालले आहे, अमळनेरहून. दोंडाईचा, नंदुरबारपर्यंत नेटवर्क येत-जात होतं. त्यापुढे डोंगर सुरू झाले की फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेघा जातात. उतरवून ठेवलेले भाग तेवढे वाजत राहतात. समोरच्या बाकावर नंदुरबारला चढलेलं एक कुटुंब होतं, त्यातल्या आजींना माझ्या कानातल्या वायरमधून झिरपणारा आवाज ओळखीचा वाटला असावा. मी कानातलं एक बोंडूक त्यांना दिलं. नवापूर येईपर्यंत त्यांनी काढलं नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, त्या फलाटावर उभं राहून त्या म्हणाल्या की अशी गाणी सुरतेत नातीला कुठून ऐकवू.

मला त्यांना किल्ली देता आली असती, फोन हातातच होता. दिली नाही. आमच्या बायांना मी न विचारता शब्द कसा मोडू? मंडळाचा, आबांचा नंबर दिला आणि सभासद कसं व्हायचं ते सांगितलं.

१५ जून, रविवार, सुरत

ज्याची काळजी होती ते झालं. एका किल्लीवरून दोन दिवसांत फाइली साठाहून जास्त वेगवेगळ्या ठिकाणांहून मागितल्या गेल्या. मोबाइल नेटवर इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो, त्यामुळे एका माणसामागे पाच-सात पत्ते दिसणं साधी गोष्ट आहे, म्हणून सर्व्हरला मी आपोआप बंद करू देत नाही. पण साठ म्हणजे एक माणूस नव्हे.

किल्ली सुरतेच्या दादांची, माझ्या मावसभावाची. दारात गेले तर त्यांनी हसत आत बोलावलं, चहा टाकला. त्यांनी लिंक कुटुंबाच्या गटात टाकली होती, त्या गटातून सोसायटीच्या गटात गेली. “आईचा आवाज आहे गं त्यात,” म्हणाले. “सगळ्यांनी ऐकावा असं वाटलं.” त्यांची आई, म्हणजे माझी मावशी, तीन वर्षांपूर्वी गेली. मागच्या एका आखाजीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती आहे, तो भाग मीच घातला होता.

मी त्यांना रागावून बोलले नाही, बोलावंसं वाटलंही नाही. फक्त टोमण्यांच्या गाण्यांचं आणि बायांच्या शब्दाचं सांगितलं. ते गप्प झाले आणि स्वतःच म्हणाले, बंद कर.

बंद करण्यातही विचार करावा लागला. जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवला असता तर दादांना काही करावं लागलं नसतं, पण ज्यांच्याकडे ती लिंक पोहोचली ते सगळेही सोबत वळले असते. म्हणून वळवायचं नाही. दादांच्या फोनवर मी हातानं नवी किल्ली लावली. जुन्या पत्त्यावर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर दिलं असतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं काहीतरी मोडलं. त्यापेक्षा त्या पत्त्यावर आता एकच भाग आहे, पस्तीस सेकंदांचा. मोठ्या मायचा आवाज, फोनवरून घेतलेला. ही गाणी आमच्या घरातली आहेत, ऐकायची असतील तर आबांना फोन करा, आम्ही तुम्हालाही आपलं मानतो, असं ती अहिराणीत सांगते.

२९ जून

चौदा जणांचे फोन आले. अकरा सभासद झाले.

आज आणखी एका किल्लीवर धोक्याची खूण दिसली. फीडची विचारणा परदेशातल्या एका डेटा सेंटरवरून, तासातासाला. सभासद नाशिकचे, कधी देशाबाहेर न गेलेले गुरुजी. फोन लावणारच होते, तेवढ्यात विनंतीसोबत येणारं ॲपचं नाव वाचलं. काही पॉडकास्ट ॲपं, ओव्हरकास्ट आणि पॉकेट कास्ट्ससारखी, फीड आपल्या सर्व्हरवरून तपासतात आणि बदल झाला तेवढाच फोनला कळवतात. फोनची बॅटरी वाचते. आवाजाची फाइल मात्र फोन थेट आपल्याकडून घेतो. गुरुजींच्या फाइली नाशिकच्याच पत्त्यावर गेल्या होत्या. म्हणजे गळती पाहायची तर फीडच्या विचारणा मोजायच्या नाहीत, फाइलींची डाउनलोडं पाहायची. वहीत तसा बदल केला. गुरुजींवर विनाकारण संशय घेतला गेला नाही, हे चांगलं झालं.

जाता जाता आणखी एक. फीड बदललेलं नसेल तर आता सर्व्हर ३०४ देऊन ‘काही नवं नाही’ एवढंच सांगतो. तासातासाच्या विचारणांचं ओझं त्यामुळे नगण्य झालं.

७ जुलै

कालच्या एकादशीला विठ्ठलाच्या ओव्यांचा भाग टाकला. सहा जणांची एकच तक्रार, भाग आला नाही. सर्व्हरवर सगळं ठीक. फोन पाहिले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. अँटेनापॉड सुरुवातीला मोबाइल डेटावर आपोआप डाउनलोड करत नाही, वाय-फायची वाट पाहतं. शहरातल्या माणसाला ते सोयीचं, पण आमच्या गावात वाय-फाय आहे कोणाकडे? सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची परवानगी द्यावी लागते. दुसरं, काही फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲपं बंद करतात. त्या यादीतून ॲपला सूट द्यायची.

दोन्हीची चित्रं ‘रामराम’ पानावर घातली. परवानगी देण्याआधी भाग किती एमबीचा असतो तेही लिहिलं, म्हणजे ज्याचा पॅक लहान त्याला ठरवता येईल.

२० जुलै, रविवार

वर्गणी संपलेल्या दोघांची किल्ली बंद करायची की नाही, यावर ओट्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की नवे भाग थांबतील, जुने राहतील. आबांचं म्हणणं, दिलेलं गाणं परत कसं मागायचं.

तसंही ते मागता येत नाहीच. संध्याकाळी सगळ्या गाणाऱ्या बायांना बसवून मी हे स्पष्ट सांगितलं. जे एकदा कोणाच्या फोनमध्ये उतरलं ते त्या फोनमध्ये आहे. मी किल्ली बंद केली तर पुढचं थांबेल, मागचं पुसता येणार नाही. ज्यानं मनात आणलं तो दुसऱ्या फोननं आवाज टिपूनही घेईल. किल्लीनं एवढंच कळतं की कोणाच्या हातून गेलं, आणि पुढचं थांबवता येतं. हे ऐकूनही ज्यांना आपलं गाणं काढून घ्यायचं असेल त्यांनी आताच सांगावं, आज रात्रीच काढते.

एका काकूंनी त्यांचं एक गाणं काढायला सांगितलं. त्यात त्यांच्या धाकट्या जावेचं नाव आहे आणि जाऊ आता नाही. काढलं. फीडमधून भाग गेला, फाइल गेली, ज्या चौघांच्या फोनमध्ये तो उतरला होता त्यांना मी एकेक करून फोन केला. चौघांनीही पुसला असं सांगितलं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

मोठी माय शेवटी म्हणाली, “मना आवाज मना नातूले आयकाले भेटी, बस व्हई गयं.”

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई, आमच्याकडचा देवीचा सण. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. घराघरात रोटांचे गहू दळून आले आहेत, पिठाचा वास गल्लीभर. मागच्या वर्षीच्या कानबाईच्या गाण्यांचा भाग, २६ मिनिटांचा, फीडमध्ये चढवला. तारीख-वेळ पहाटे पाचची, भारतीय वेळेच्या पाच तास तीस मिनिटांच्या फरकासकट लिहिलेली. मागे एकदा तो फरक लिहायचा राहिला आणि ‘पहाटेचा’ भाग साडेदहाला उगवला होता. एन्क्लोजरमधली बाइटची संख्या फाइलीशी ताडून पाहिली. ओळख वहीत चढवली. सभासद ४९.

३ ऑगस्ट, कानबाई

सकाळी सात वाजता वही पाहिली: ४९पैकी ३१ फोनांनी भाग उतरवला होता, त्यात चोपड्याच्या मावशी आणि सुरतेचे दादा. एकही डाउनलोड अर्धवट नाही.

मोठ्या मायच्या घरात शिरले तर ती चुलीपुढे होती आणि फोन कोनाड्यात, पिठाचा हात लागू नये म्हणून रुमालावर ठेवलेला. गाणं चालू होतं. कोणी लावून दिलं विचारलं तर म्हणाली, सकाळी उठले तर आलेलंच होतं, मीच दाबलं. मग रोट थापता थापता विचारलं, “पुढला कव्हय येई?”

रात्री जागरणाची गाणी रेकॉर्ड करायची आहेत. पाट आणि उशी ओसरीवर नेऊन ठेवले. फोन चार्जिंगला लावला आहे.